नक्शेवाल्या बाई

बाई आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी तांब्याभर पाणी मागितलं. आईने तांब्या आणि फुलपात्र पुढे ठेवलं. बाईंनी घोटभरही घेतलं नाही. तांब्या उचलला आणि बैठकीच्या फरशीवर, अगदी मधोमध, पाणी ओतून दिलं. आई माझ्याकडे बघत राहिली. पाणी आधी जरा थांबलं, मग बाबांच्या पलंगाखालून मागच्या कोपऱ्याकडे निघालं. बाई वाकून त्याच्या मागोमाग गेल्या, कोपऱ्यात उकिडव्या बसल्या आणि भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या, "घर इकडं बसून राहिलं. किती वर्षं झाली बांधून?"

बावीस, मी म्हणाले.

"पाणी पुसून घ्या. कोणी घसरून पडन."

हे सांगतानाही त्यांचा हात भिंतीवरच होता, एखाद्याला ताप आहे का ते बघावं तसा.

आमचं घर तसं विचित्रच. सौंसरला बोरगावच्या रस्त्यावर बाबांनी जो प्लॉट घेतला तो उताराचा निघाला. रस्त्यापासून मागच्या नाल्याकडे जमीन पुरुषभर खाली गेलेली. मिस्त्रीने ती सपाट करत बसण्यापेक्षा उताराप्रमाणेच घर बसवलं. रस्त्याच्या बाजूला, जोत्याएवढी उंच बैठक. बैठकीतून सहा पायऱ्या खाली उतरलं की स्वयंपाकघर, आणि त्याच्या बाजूला टिनाखाली संडास-न्हाणी. बैठकीतूनच सात पायऱ्या वर चढलं की स्वयंपाकघराच्या डोक्यावर दोन खोल्या. ना एक मजली ना दोन मजली. मोहल्ल्यात सगळे 'पायऱ्यावालं घर' म्हणायचे. लहानपणी आम्हा बहीण-भावाला त्या पायऱ्यांचा अभिमान होता.

बाबा नगरपालिकेत पाणीपुरवठ्यावर होते. गावातले व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे, सायकलवर हिंडायचे. रिटायर झाल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ गेलं. पलंग बैठकीत आणि संडास सहा पायऱ्या खाली. मी आणि आई त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली न्यायचो. आई पुढून, उलट्या पावलांनी, मी मागून. दिवसातून तीनदा, कधी चारदा. एकदा चौथ्या पायरीवर आईची कंबर धरली. खुर्ची कलली. मी गुडघा लावून ती अडवली आणि आम्ही तिघं किती वेळ तसेच थांबलो ते आठवत नाही.

त्या दिवसापासून बाबांनी पाणी पिणं कमी केलं. ग्लास तोंडाशी नेला की ओठ मिटून घ्यायचे. खाली जावं लागू नये म्हणून. हे मला चार दिवसांनी कळलं, आणि त्याच संध्याकाळी मी पांढुर्ण्याला बाईंना फोन लावला.

बाई आयटीआयमध्ये नकाशे काढायला शिकवून रिटायर झालेल्या. माझा चुलतभाऊ त्यांचा विद्यार्थी. त्याने फार सुंदर, शाई न सांडता काढलेल्या एका घराच्या नकाशाला बाईंनी शून्य दिलं होतं, कारण न्हाणीचं दार आत उघडत होतं. आत माणूस पडला तर दार त्याच्याच अंगावर अडणार, मग तू त्याला काढशील कुठून, असं विचारून त्यांनी तो नकाशा सगळ्या वर्गाला फिरवून दाखवला होता. चुलतभाऊ अजून चिडून सांगतो. पण त्याने पुढे बांधलेल्या एकाही घरात न्हाणीचं दार आत उघडत नाही.

बाई साडीवर पुरुषांचे कापडी बूट घालायच्या. आपलं पाऊल बरोबर अडीच फुटांचं आहे, चपलेने ते बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात सुतळीचा गुंडा, टेप, पातळी बघायची पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि डब्यात चुन्याची फक्की. स्वतःचा जेवणाचा डबा वेगळा. नकाशा पूर्ण होईपर्यंत त्या घरचा चहासुद्धा घ्यायच्या नाहीत. चहा प्याला की माणूस भिडेला पडतो आणि भिडेने भिंत चुकते, असं त्यांनी आईला अगदी गंभीरपणे समजावून सांगितलं. आईला ते काही पटलं नाही. ती दर वेळी चहा ठेवायची आणि दर वेळी मीच तो प्यायचे.

लोक त्यांना वेडी म्हणत, आणि त्याला कारणही होतं. पांढुर्ण्याच्या एका व्यापाऱ्याला घरावर मजला चढवायचा होता. जिना कुठून घ्यावा हे विचारायला त्याने बाईंना बोलावलं. बाईंनी विचारलं, तुमच्या आईचे गुडघे कसे आहेत? तो म्हणाला, आई गावी असते, तिगावला. मग बाई म्हणाल्या, आई इथे कधीच येणार नाही असं लिहून द्या, मी लगेच जिना काढून देते. व्यापाऱ्याने त्यांना हाकलून दिलं. ही गोष्ट त्या स्वतःच सांगायच्या, तक्रार म्हणून नव्हे, तर एक अडलेलं काम म्हणून. त्या व्यापाऱ्याचा जिना अजून चुकीच्या जागी आहे याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

पहिल्या दिवशी त्या सकाळी आल्या आणि संध्याकाळी गेल्या. एक रेघही ओढली नाही. आम्ही बाबांना खाली नेताना त्या पायऱ्यांशी उभ्या राहून बघत होत्या. मदत केली नाही. मला राग आला. वर आल्यावर मी तो बोलून दाखवला तेव्हा म्हणाल्या, "आज मी हात लावला असता तर तुम्ही दोघी कशा उचलता ते मले दिसलं नसतं. तुमच्या आईचा डावा पाय थरथरून राहिला. तिले माहीत आहे काय?"

आईला माहीत होतं. मला नव्हतं.

त्यांनी घराभोवती चार ठिकाणी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, मारून माती बघितली. डाव्या अंगाला, जिथे बाबांची सायकल राहायची त्या पट्ट्यात, हातभर खाली कडक मुरूम लागला. मागे आणि उजवीकडे नुसती भरावाची काळी माती. ती माती दगडी धक्क्याने अडवून धरलेली, आणि त्या धक्क्याच्या पायथ्याशी आमची न्हाणी. न्हाणीच्या कोपऱ्यात वरून खाली एक भेग होती. बाईंनी बोटभर रुंदीची काचेची पट्टी भेगेवर आडवी ठेवली आणि दोन्ही टोकं सिमेंटने पक्की केली.

"ही काच तडकली तर भिंत हलली समजायचं," त्या म्हणाल्या. "मग घरात थांबायचं नाही. मले फोन करायलेही थांबायचं नाही."

खोली डावीकडे, मुरुमावर, बैठकीच्या पातळीला, तिच्यातच संडास, आणि रस्त्यापर्यंत एकही पायरी नको: एवढं त्यांच्या मनात बसलं होतं. पण माझ्या दादाच्या मनात दुसरंच होतं.

दादा नागपूरला नोकरीत. बाबा आजारी पडल्यापासून दर रविवारी यायचा, फळं आणायचा, बाबांची दाढी करायचा. आपण इथे नाही हे त्याला फार लागायचं. म्हणून त्याला काहीतरी मोठं करायचं होतं. मागच्या अंगाला कॉलम उभे करून वर अख्खा नवा मजला, त्यात तो बायको-मुलांसह राहायला येणार, पुढे लिफ्ट बसवणार. ठेकेदाराने काढून दिलेलं चित्र त्याच्या फोनमध्ये होतं. चित्रात आमचं घर ओळखू येत नव्हतं.

त्या रविवारी बाई आणि दादा पहिल्यांदा समोरासमोर आले. बाईंनी मातीचं सांगितलं. दादा ऐकत होता, पण फोनमधलं चित्र त्याने बंद केलं नाही. वरचा मजला ही बाबांचीच इच्छा आहे, त्यांनाच विचारून घ्या, असं म्हणून तो पलंगाशी गेला.

"बाबा, वरचा मजला घ्यायचा आहे नं?"

"हो," बाबा म्हणाले.

दादाने बाईंकडे बघितलं. बाई उठून पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेल्या.

"बाबा, हे घर मोडून टाकायचं काय?"

"हो."

"बाबा, आज तुम्हाले जेवण नाही द्यायचं?"

"हो," बाबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आई तोंडाला पदर लावून खाली निघून गेली.

दादा पलंगाला वळसा घालून बाईंसमोर आला. "मॅडम, माझ्या बापाची टिंगल करू नका."

"टिंगल नाही करून राहिली. त्यांच्याजवळ एकच शब्द उरला. त्याच्यावर तुम्ही मजला बांधून राहिले."

त्या क्षणी मलाही बाईंचा संताप आला होता. जे आम्ही तिघांनी महिनोन् महिने बघून न बघितल्यासारखं केलं, ते त्यांनी बाबांच्या देखत उघडं केलं. पण मग त्या पलंगाशी खाली जमिनीवर बसल्या, बाबांचा डावा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, माफ करा, दुसरा रस्ता नव्हता. बाबांनी हात काढून घेतला नाही. दादा जेवण न करताच दुपारच्या बसने निघून गेला.

तीन-चार दिवसांनी बाईंनी डाव्या पट्ट्यात फक्कीने खोली आखली. जेवढी बांधायची तेवढीच. पलंगाची जागा, दार, संडास, सगळं जमिनीवर पांढऱ्या रेघांत. त्यांची ही पद्धतच होती. कागदावर रेघ नंतर. आधी माणसांनी त्या रेघांत वावरून बघायचं. मला त्यांनी संडासाच्या चौकोनात पडायला लावलं आणि एक फळी दारासारखी आत फिरवली. ती माझ्या डोक्याला लागली. "बाहेरच उघडलं पायजे," त्या म्हणाल्या, आणि मला उठायला हात दिला.

मग बाबांना खुर्चीत बसवून तिथे नेलं. बाईंनी आम्हाला गप्प राहायला सांगितलं. बाबांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर सारखा आपटत होता. बाईंनी खुर्ची जराशी फिरवली, थांबल्या, चेहरा बघितला, पुन्हा फिरवली. असं चार-पाच वेळा. तोंड रस्त्याकडे झालं तेव्हा हात थांबला. समोर रस्त्यापलीकडे नळाच्या व्हॉल्व्हचं चेंबर होतं. बाईंनी तिथली रेघ बुटाने पुसली आणि खिडकीची जागा काढली, उंची बसलेल्या माणसाच्या डोळ्याला लागेल एवढी ठरवली.

पुढचे आठ-दहा दिवस रोज दुपारी आई आणि मी बाबांना त्या रेघांत बसवायचो. श्रावणाच्या सरीने फक्की वाहून जायची. आई न चुकता परत ओढायची, अगदी टेप लावून. मोहल्ल्यातले लोक कुंपणाशी थांबून बघायचे, काही हसायचे. कोणीतरी दादाला फोनवर सांगितलंच.

पोळ्याच्या दोन दिवस आधी दादा ठेकेदाराला घेऊन आला. माझ्याशी बोलला नाही. लोक हसून राहिले, बाप उघड्यावर बसवला, एवढंच आईला म्हणाला. संध्याकाळपर्यंत मागच्या अंगाला, धक्क्याला लागून, तीन खड्डे झाले. मी बाईंना फोन केला. खोल किती, त्यांनी विचारलं. कमरेएवढे. मग म्हणाल्या, उद्या तिगावला नात्यात जायचं आहे, पोळ्याला तर मजूर येणारच नाहीत, पोळा झाला की मी पहिल्या बसने येते. तोपर्यंत एक घमेलंही माती काढू देऊ नका.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार असते, नदीच्या दोन काठांवरची गावं एकमेकांवर दगड फेकतात. बाईंचं घर जाम नदीच्या अंगाला, सावरगावच्या समोर. त्या दिवशी तिथून ना बस निघते ना माणूस. जन्म तिथे काढलेल्या बाई हे विसरल्या, आणि माझ्याही लक्षात आलं नाही.

पोळ्याच्या संध्याकाळपासून पाऊस लागला तो सकाळीच उघडला. मी न्हाणीत गेले तर काचेवर मधोमध एक बारीक, सरळ रेघ होती. मी बोट फिरवून बघितलं. दोन तुकडे झाले होते.

बाईंना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. दुसऱ्यांदा लावायला गेले आणि त्यांचे शब्द आठवले. वर येऊन दादाला सांगितलं. तो चहा पीत होता. काच आहे, कोणाचा तरी बादलीचा धक्का लागला असेल, म्हणाला. मी म्हणाले, तू ये किंवा नको येऊ, मी आणि आई बाबांना बाहेर नेतो. आईने खुर्ची ओढली. आईला वाकताना बघून दादा उठला, तिला बाजूला केलं आणि पुढून खुर्ची धरली. आम्ही बाबांना रस्त्यापलीकडे शेजारच्या काकूंच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. दादाच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलेलं होतं, की या बाया वेड्या झाल्या आहेत.

"बसा तुम्ही इथं," तो म्हणाला. "मी आंघोळ करून येतो. मग कळल तुम्हाले."

तो वळला तेव्हा बाबांच्या डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं.

दादा आधी हसला. सोडा बाबा, म्हणाला. मग दुसऱ्या हाताने एकेक बोट उकलायला लागला. एक सुटलं की दुसरं आवळायचं. बाबा त्याच्याकडे बघतही नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम होता. दादाचा आवाज चढला, "काय करून राहिले, बाबा, सोडा नं," आणि त्याच वेळी घराच्या मागून ओलं पोतं टाकावं तसा आवाज आला. मग दुसरा, मोठा, टिन दबल्याचा. धूळ उडाली नाही. ओली भिंत धूळ उडवत नाही. दगडी धक्का खड्ड्यांकडे सरकला होता आणि त्याच्यामागची सगळी माती न्हाणीवर आली होती. टिन, पाण्याची टाकी, बादल्या, सगळं खाली. वरच्या दोन खोल्या तेवढ्या स्वयंपाकघराच्या भिंतींवर उभ्या होत्या.

दादा दुपारपर्यंत त्या ओट्यावर बसून होता. बाबांनी मनगट सोडलं नाही आणि त्यानेही सोडवलं नाही. डॉक्टर नंतर म्हणाले की अशा रुग्णाची मूठ कधीकधी आपोआप आवळते. असेलही.

बाई दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आल्या. सरळ मागे गेल्या, ढिगाऱ्याभोवती फिरल्या, स्वयंपाकघराच्या स्लॅबला खालून लाकडी बल्ल्यांचे टेके लावून घेतले. मग वर आल्या. दादा भिंतीशी उभा होता. तो बोलणी खायला तयार होता हे मला दिसत होतं. मला तर त्यांनी बोलावंच असं वाटत होतं.

"खड्डे झाल्याचं मले त्याच संध्याकाळी कळलं होतं," बाई म्हणाल्या. "त्याच वेळी निघायले पायजे होतं. पावसाचा विचार नाही केला, गोटमारीचा नाही केला. चूक माही आहे."

दादा म्हणाला, "मॅडम, मी आंघोळीला जाऊन राहिलो होतो." पुन्हा तेच म्हणाला. मग तो खाली बसला आणि रडला. बाईंनी त्याला रडू दिलं. थोड्या वेळाने पिशवीतून टेप काढली आणि तिचं टोक त्याच्यापुढे धरलं. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा कागद मांडला. दादा टोक धरून उभा होता आणि त्या अधूनमधून सांगत होत्या, सरळ धरा, ढिलं पडून राहिलं.

माघापर्यंत खोली झाली, मागचा धक्काही नव्याने बांधून झाला. रस्त्यापासून दारापर्यंत लांब, सावकाश चढत जाणारा उतार झाला. एक फूट चढायला बारा फूट चाल, त्यात बाई इंचभर सोडायला तयार नव्हत्या. बाबांना आत नेलं त्या दिवशी त्यांनी एकापाठोपाठ दोन ग्लास पाणी प्यायलं. बाईंनी त्या दिवशी आमच्याकडे चहा घेतला. साखर कमी आहे म्हणाल्या.

बाबा त्या खोलीत चौदा महिने राहिले. बाईंना कळवायचं माझ्याच्याने झालं नाही. पुढे कधीतरी पांढुर्ण्याच्या बस स्टँडवर त्या अचानक भेटल्या. वाळलेल्या दिसल्या, बूट मात्र तेच. मी जयभीम म्हटलं, त्यांनीही म्हटलं. बाबा गेल्याचं सांगितलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"नेताना वाकावं लागलं काय कोणाले?"

नाही, मी म्हणाले. चौघांनी खांद्यावर घेतलं आणि सरळ रस्त्यावर आले. कोणाचं पाऊल अडलं नाही.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. त्यांची बस लागली होती. पायरीवर एक बूट ठेवून त्या वळल्या. "आईले विचारलं काय, आता कुठं राहायचं तिले?"

मी विचारलं नव्हतं. आई बाबांच्याच खोलीत राहणार हे मी आणि दादा धरून चाललो होतो. तिची गादी आम्हीच तिथे टाकली होती.

घरी आले तेव्हा आई गव्हाचं पीठ चाळत होती. मी विचारलं. तिने चाळणी खाली ठेवली, पिठाचे हात तसेच मांडीवर टेकवले.

"वर," ती म्हणाली. "मागच्या खोलीत. तुह्या बाबाले खाली सोडून इतक्या वर्षांत मी वर गेलीच नाही. तिथून नाल्यापलीकडचे मळे दिसत होते. अजून दिसतात काय?"

दिसतात, मी म्हणाले. तिने हात धुतले आणि कठडा धरून एकेक पायरी मोजत वर चढायला लागली.